दुधाखालची आच

बाबा गेले त्या वर्षी मी सतत दमलेली असे. ऑफिस सुटलं की आधी कोथरूडला आईकडे, मग सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून स्कूटरनं धायरीला घरी. आई आता एकटीच राहायची आणि बाबा गेले त्या सकाळबद्दल अवाक्षर काढायची नाही. भेटायला येणारे खोदून विचारत, "त्या वेळी जवळ कोण होतं?" "मी होते," एवढं म्हणून ती विषय संपवी. तिच्या डोळ्यांत पाणी नाही, याची नातेवाइकांत चर्चा होती. तिला बोलतं करायचं त्राण माझ्यात नव्हतं.

एका शनिवारी दुपारी मी तिच्या पलंगावर अर्धवट झोपेत पडले होते. टीव्हीवर जुना कृष्णधवल सिनेमा लागला होता. त्यातल्या बाईला दारात आलेला माणूस सांगतो, तुमचे यजमान गेले. ती किंचाळत नाही, कोसळत नाही. आत जाते, उतू जाणारं दूध स्टोव्हवरून उतरवते, त्यावर ताटली ठेवते. ताटलीवर हात जरा जास्तच वेळ राहतो, एवढंच. चेहरा कोरा, मागे संगीतही नाही. मी उठून बसले.

"बरोबर केलंय हिनं," आई म्हणाली.

"काय?"

"आधी गॅसच बंद करतो माणूस." ती टीव्हीकडेच बघत होती. "ह्यांनी चहा मागितला होता. कप घेऊन गेले, तर हे गेलेले. आत दूध तापत होतं. परत येऊन ते बंद केलं. माझा चहा ओट्यावर होता, तो उभ्याउभ्या प्यायले. सगळा. मग तुला फोन केला."

मी टीव्हीचा आवाज कमी केला.

"नवरा गेला आणि बाई चहा पीत होती, हे कुणाला सांगू?"

"बरं झालं प्यायलीस, आई. त्या दिवशी नंतर तुला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग रडायला लागली. आवाज न करता, बराच वेळ. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. सिनेमात पुढं काय झालं, ते दोघींनीही पाहिलं नाही.

संध्याकाळी मी निघाले, तेव्हा ती मावशीशी फोनवर बोलत होती. "अगं, चहा प्यायले मी तेव्हा," ती सांगत होती, आवाज न दबवता. मावशी बहुधा गप्प झाली. आईही थांबली, पण तिनं फोन ठेवला नाही.