आसूढाळ घोड्याचा लगाम धरणारे अण्णा

डॉ. खंडेराव जगदाळे यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते हेब्बाळच्या आमच्या प्रयोगशाळेबाहेर एका तट्टाला गूळ चारत उभे होते. मी पुण्याहून नुकतीच बंगळूरला आले होते, घोड्यांचं रक्त तपासायच्या नोकरीवर. शेजारी शर्यतीच्या घोडीचे मालक मोटारीत ताटकळत होते. "जो आधी आला त्याचं आधी, साहेब," असं त्यांना सांगून डॉक्टर माझ्याकडे वळले, "अक्का, स्वल्प नळ्या धर." पिढ्यान्‌पिढ्या इथे मुरलेल्या घरातली, 'जरा'ला 'स्वल्प' म्हणणारी ती मराठी माझ्या पुणेरी कानांना गमतीची वाटली. त्या दिवसापासून ते माझे अण्णा झाले.

भीमथडी तट्टू हा अण्णांचा ध्यास. मराठी फौजांना दूरवर नेणारं हे जनावर आता आमच्या भागात जटक्यांना, म्हणजे इकडच्या टांग्यांना, जुंपलेलं तेवढं उरलं होतं. शर्यतीचे घोडे जगभर मुबलक, पण रक्त तपासावं तर सगळे एकमेकांचे जवळचे नातलग. तट्टांमध्ये तरी वेगळेपण टिकून असेल, अशी अण्णांना आशा होती. तपासण्या झाल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. बहुतेक तरुण तट्टं एकाच बापाची होती.

याला कारण भोवरे. ज्याच्या अंगावर केसांचे शुभ भोवरे, तोच नर प्रत्येकाला हवा. बाशाभाई जटकेवाल्यांचा बादल रक्ताने अगदी निराळा होता, पण त्याच्या डोळ्याखाली भोवरा. अशा घोड्याला आसूढाळ म्हणतात. तो जाईल त्या घरात रडारड होते, असा समज. कोणी त्याच्याकडे घोडी आणेना, म्हणून बाशाभाई त्याला खच्ची करायला निघाले. तसं झालं असतं तर ते रक्त बादलबरोबरच संपलं असतं.

अण्णा मला घेऊन जटका स्टँडवर गेले. ते कोणाच्या समजुतीला हसले नाहीत, फक्त विनवत राहिले. शेवटी बाशाभाईंनी विचारलं, "डॉक्टरसाब, तुमारे घर की शादी में दूल्हे कू इस पे बिठाते क्या?"

अण्णांना मूलबाळ नाही. माझं लग्न मात्र ठरलं होतं. मी म्हणाले, "माझ्या लग्नात बसवू."

अण्णा माझ्यावर एकदाच रागावले, ते तेव्हा. "तुझ्या जन्माचा प्रश्न आहे, अक्का. हा प्रयोग नव्हे. घरात विचार. एकानं जरी नको म्हटलं तर विषय बंद."

वसंतराव, म्हणजे माझे यजमान, लगेच तयार झाले. सासूबाईंनी मात्र अण्णांना समोर बसवलं. "घोडा देखणा आहे हो, पण उद्या काही झालं तर?"

"लगाम मी धरतो, वहिनी. काही झालं तर मला बोला."

आणि खरोखरच रेशमी पटका बांधून अण्णा मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत लगाम धरून चालले. रस्ताभर जटकेवाले श्वास रोखून बघत होते. बाशाभाईंनी खच्चीकरण पुढे ढकललं. आमच्या थोरलीच्या बारशाला ते मिठाई घेऊन आले, आणि मग बादलकडे घोड्या येऊ लागल्या.

आमचं बिऱ्हाड नेमकं त्या स्टँडसमोर. नवराबायकोत कडाक्याचं वाजलं की आम्ही आधी खिडक्या लावून घेत असू. आमचा आवाज बाहेर गेला असता तर अब्रू बादलची गेली असती! दर संक्रांतीला अण्णा तिळगूळ घेऊन येत, आणि "कसं चाललंय?" असं जरा जपूनच विचारत.

यंदा त्यांनी साठी ओलांडली. वाढदिवसाच्या दिवशी मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "खरं सांग अक्का, माझ्या घोड्यापायी तर तुम्ही दोघं निभावून नेत नाही ना?" इतकी वर्षं हा माणूस ही काळजी उराशी घेऊन होता! मी तेव्हा वाकून नमस्कार तेवढा केला. उत्तर इथे, या लेखातून, सर्वांसमक्ष देते.

अण्णा, बादलची नातवंडं आता स्टँडवर जटके ओढतात, आणि आम्ही हल्ली खिडक्या उघड्या टाकून भांडतो. आम्ही सुखात आहोत. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. थोरली आता शाळेत जाते. तिच्या लग्नातही लगाम तुम्हीच धरायचा आहे.