सोप्यातल्या बाया

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. निपाणीत दोन खोल्या आणि पुढं सोपा, म्हणजे ओसरी. तिथंच आई शेजारणींबरोबर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. तंबाखूच्या खकाण्यानं मला शिंकांवर शिंका यायच्या, म्हणून ती मला अभ्यासाला बाहेर कट्ट्यावर पिटाळायची. त्या विड्यांवर मी बीएस्सी झालो. भुताखेतांना माझ्या डोक्यात जागा नव्हतीच… म्हणून हे लिहायला जड जातंय.

गेल्या वर्षी आईला कंपवात निघाला. बेळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, तशी ती घरात चालू-फिरू लागली. पण संध्याकाळ झाली की रिकामं सूप मांडीवर घेऊन सोप्यात बसायची.

"सूनबाई, चहा ठेव गं. बाया आल्यात."

"कुठं आहेत?" मी विचारलं.

"बीएस्सी झालास आन् एवढ्या बाया दिसनात व्हय तुला?"

बायको हसली. मला हसू आलं नाही. त्या शेजारणींपैकी आज एकही जिवंत नाही.

पूर्वी एखादी आजारी पडली की बाकीच्या आपल्यातल्या थोड्या विड्या गुपचूप तिच्या सुपात टाकायच्या. तिचं काम भरून निघायचं.

"माझा हात चालंना, म्हणून टाकाय लागल्यात," आई म्हणाली. "हाकलू नको रं त्यास्नी."

डॉक्टर म्हणाले, हे गोळीमुळं होणारे भास आहेत. डोस कमी केला तर थांबतील, पण अंग पुन्हा आखडेल. ठरवायचं मला होतं.

त्या संध्याकाळी मी आईसमोर बसलो. आणि शिंक आली. मग दुसरी, तिसरी… डोळ्यांतून पाणी, नाकात तोच उग्र वास. घरात कित्येक वर्षांत तंबाखू आलेली नाही. सूपसुद्धा जुनं नव्हे, बाजारातनं नवं आणलेलं.

"जा रं, भाईर बसून अभ्यास कर," आई म्हणाली.

गोळी ती घेत होती. शिंका मला का आल्या? डॉक्टरांना विचारलं. सर्दी असेल, म्हणाले.

मी घाबरलो होतो. डोस कमी करा, म्हणालो.

हळूहळू बाया यायच्या बंद झाल्या. "काय बोललास रं त्यास्नी?" आई रोज विचारायची. पुढं तेही विचारेना. आता ती अंथरुणावरनं उठत नाही, बोटं उघडत नाहीत. संध्याकाळी मी एकटाच सोप्यात बसतो, जोरजोरात श्वास ओढून बघतो. कसलाच वास येत नाही… उत्तरही मिळालेलं नाही.

डॉक्टर म्हणतात, उपचार लागू पडला. आईला आता काहीही दिसत नाही.