शोकेस सजवणारा महापुरुष

दोहाच्या मॉलमधल्या ज्या इटालियन दुकानात मी नोकरी करतो, तिथे आधी चरित्र विकायचं असतं, कपडे नंतर. ज्याच्या नावावर दुकान चालतं, त्या जगप्रसिद्ध डिझायनरची जीवनकथा ट्रेनिंगमध्ये आमच्याकडून घोकून घेतली. तरुणपणी हा महापुरुष कुणाच्या तरी दुकानात शोकेस सजवायचा, पुतळ्यांना कपडे चढवायचा. पुढे अख्ख्या जगाला चढवले. गिऱ्हाईक जरा रेंगाळलं की मॅनेजर मला खुणावतो, "यल्ला, चल, स्टोरी!" माझ्या सख्ख्या आजोबांबद्दल मला इतकं माहीत नाही. अर्थात आजोबांनी कोट विकले नाहीत, चूक त्यांचीच.

परवा मी शोकेसमध्ये गुडघे टेकून, तोंडात टाचण्या धरून पुतळ्याची पँट नीट बसवत होतो. कतारला आल्यापासून माझं हेच काम. तेवढ्यात एक बाई आत येऊन पुतळ्यावरचा कोट न्याहाळायला लागल्या. नवऱ्याशी मराठीत बोलत होत्या, म्हणून मीही टाचण्या काढून मराठीतच स्टोरी सुरू केली.

बाईंचे डोळे पाणावले. "बघा हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "एवढा मोठा माणूस, पण पुतळ्यांना कपडे घालण्यात कमीपणा मानला नाही! आपल्या लोकांत आहे का अशी जिद्द?"

नवऱ्याने माझ्याकडे बघत बघत ठामपणे नकारार्थी मान हलवली.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "भाऊ, जरा बाजूला होता का? तुमच्यामुळे पुतळा दिसत नाहीये."