यमुनाताईंनी न सांगितलेली माझी वाक्यं

माझं सगळ्यात चांगलं भाषण मी केलेलंच नाही.

ते यमुनाताईंनी केलं. मी नुसता शेजारी उभा होतो.

आज सकाळी सुरगाण्याहून फोन आला. ताई गेल्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशकात माझं नाव बऱ्यापैकी गाजत होतं. कॉलेजं, गणेशोत्सव, व्याख्यानमाला. विषय बहुतेक एकच, समता. घरी पुस्तकांची दोन कपाटं भरलेली, आणि आपल्या मनात कुणाबद्दल काही वाकडं नाही याची पक्की खात्री.

ताई सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरच्या. तिथल्याच शाळेत शिक्षिका.

दिवाळी झाली की अख्खा पाडा दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला निघायचा. मुलांसकट. शाळा चार महिने रिकामी. ताईंनी खटपट करून मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय शाळेतच केली होती. आता आईबापांनी मुलं मागे ठेवायला हवी होती.

सोमवारी गाड्या निघणार होत्या. ताईंनी बोलावलं म्हणून मी पोचलो शनिवारी दुपारी.

"सर, मी घरची. माझं ऐकून सोडून देतात. पाहुण्याचं ऐकतील," ताई म्हणाल्या.

ठरलं असं, की मी एक वाक्य मराठीत बोलायचं आणि ताईंनी ते तिकडच्या कोकणीत, म्हणजे पाड्यावरच्या कोकणा आदिवासींच्या बोलीत, सांगायचं.

शाळेच्या व्हरांड्यात माणसं बसली. मी तापलो.

म्हणालो, दारूपायी तुम्ही पोरांचं आयुष्य नासवताय.
म्हणालो, तुम्हाला मुलांची पर्वाच नाही.

ताई शांतपणे सांगत होत्या. माझं वाक्य लांब, त्यांचं आखूड. कधी उलटं. एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, बरोबर लागलं.

सभा संपली. एक म्हातारे बाबा जवळ आले. त्यांना मराठी थोडं यायचं. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "साहेब, तुम्ही इचारलं ते लय बरं वाटलं."

"काय विचारलं?"

"पोरांना इथं ठेवून जाताना तुमचा जीव कसा राहील, ते. आजवर कुणी इचारलं नाय. येतो तो दारू सोडा सांगून जातो."

मी असं काहीच विचारलं नव्हतं.
मीही दारू सोडा एवढंच सांगितलं होतं.

ताईंना बाजूला घेतलं. आवाज चढलाच माझा. "तुम्ही माझं भाषण बदललंत?"

"हो."

"का?"

"सर, तुम्हाला टाळ्या पाहिजे होत्या. मला मुलं पाहिजे होती."

मग चष्मा काढून पदराने पुसत म्हणाल्या, "दुपारपासून इथे आहात. प्यालेला माणूस किती दिसला?"

एकही नाही.

बघायची मला गरजच पडली नव्हती. भाषण मी नाशकातच तयार केलं होतं. माणसंही तिथेच तयार केली होती. आदिवासी म्हटलं की दारू आणि बेफिकिरी, हे माझ्या डोक्यात कुठून आलं? कपाटातल्या एकाही पुस्तकात तसं लिहिलेलं नाही. पुस्तकांच्या आधीच ते आत येऊन बसलेलं होतं. कुठल्याही पुस्तकाने त्याला उठवलं नाही.

ते यमुनाताईंनी उठवलं. चारचौघांत माझी लाज राखून.

सोमवारी गाड्या निघाल्या तेव्हा एकोणीस मुलं शाळेच्या दारात उभी होती.

लगेच सुधारलो असं लिहिलं तर ताई वरून हसतील. दोन वर्षांनी सटाण्याला कांदा काढणाऱ्या बायकांसमोर मी "तुम्ही अडाणी राहिलात म्हणून" असं सुरू केलं. सोबत आलेल्या ताई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागल्या.

मी थांबलो. ओठांवर आलेलं पुढचं वाक्य गिळलं. समोरच्या बाईला विचारलं, "मावशी, तुम्हीच सांगा, अडचण काय आहे?" ती वीस मिनिटं बोलली. माझ्या कुठल्याही भाषणापेक्षा चांगली.

परतताना एसटीत ताई म्हणाल्या, "आज काच लवकर स्वच्छ झाली."

पुढची कित्येक वर्षं तो चष्मा माझ्यासमोर पुसला गेला. पुसणं कमी कमी होत गेलं, पण पूर्ण बंद कधीच झालं नाही. आता पुसणारं कुणी नाही, म्हणून हे काम माझं मलाच करायचं आहे. रोज. तोंड उघडण्याआधी.

परवा पाड्यावर शोकसभा आहे. "सर, मुख्य भाषण तुमचं," असा निरोप आलाय.

मी भाषण करणार नाही.

त्याच व्हरांड्यात बसेन आणि त्यांनी माझ्या नावावर केलेला प्रश्न या वेळी स्वतःच्या तोंडाने विचारेन. ताईंशिवाय राहताना तुमचा जीव कसा राहील?

आणि सगळ्यांचं सांगून होईपर्यंत ऐकत राहीन. कोकणी मला आता समजते. ताईंनीच शिकवली.

ताई, या वेळी वाक्य तुमचं, सांगणारा मी. तुमच्या दुभाष्याचा शेवटचा नमस्कार.