चेट्टियार मामांच्या दुकानासमोरची वाळू

प्रयोगाचा किरणोत्सर्गी सोर्स कपाटात होता. कपाटाला कुलूप होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये, हेअरपिनांच्या सोबतीला. आणि तरी टेबलावरचा गायगर काउंटर पापड तळल्यासारखा तडतडत होता.

"मॅम, बॅकग्राउंड दुप्पट झालंय," कयल म्हणाली. कयल म्हणजे माझ्या वर्गातली सगळ्यात चिवट मुलगी. आकडा पटला नाही तर ती जेवत नाही.

मी मूळची सांगलीची. लग्नानंतर चेन्नईत आले आणि इथल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला अॅडव्हान्स्ड फिजिक्सची लॅब शिकवते. गायगर काउंटर किरणोत्सर्ग मोजतो. नळीत एक कण शिरला की एक टिक. किरणोत्सर्ग थोडाफार सगळीकडेच असतो, विटांत, मातीत, वरून आकाशातूनही येतो. त्यामुळे समोर काही ठेवलं नाही तरी अधूनमधून टिक होतेच. हे बॅकग्राउंड. ते आधी मोजायचं आणि मग प्रयोगाच्या आकड्यातून वजा करायचं. वाणी तेल मोजताना किटलीचं वजन वजा करतो तसं. आता किटलीच रातोरात दुप्पट जड झाली, तर वाण्यानं करायचं काय?

एवढ्यात विशालाक्षी मॅडम आल्या. आमच्या एचओडी.

"काउंटर आजारी आहे म्हणे?"

"काउंटर ठणठणीत आहे, मॅडम. आजारी दुसरंच कुणीतरी आहे."

"शुक्रवारी युनिव्हर्सिटीची कमिटी येतेय. तोवर हा बरा झाला नाही, तर न्यूक्लिअरचं टेबल बंद. सोर्स परत पाठवायचा. मुलं व्हर्च्युअल लॅबवर करतील प्रयोग. त्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकग्राउंड शून्य असतं, माहीत आहे ना?" आणि त्याच श्वासात, "संध्याकाळी कोलूला या. आज चण्याचं सुंडल आहे."

धमकी आणि आमंत्रण एकाच वाक्यात देणं ही त्यांची खासियत.

व्हर्च्युअल लॅब म्हणजे स्क्रीनवर काढलेला काउंटर. माउसनं बटण दाबलं की बरोबर उत्तर येतं. चुकायची सोयच नाही. वीस-बावीस वर्षं मी मुलांना नीट चुकायला शिकवत आलेय. ते टेबल गेलं असतं तर मला घरी बसून लोणची घालावी लागली असती, आणि माझी लोणची कुणी खात नाही.

तेव्हा तपास सुरू. नळी बदलली. व्होल्टेज तपासलं. सोर्स कपाटासकट खालच्या मजल्यावर नेऊन ठेवला. फरक नाही. मग प्रवीणच्या डब्यातल्या केळ्याच्या वेफर्सवर संशय आला. केळ्यात पोटॅशियम असतं आणि त्यातला एक अंश किंचित किरणोत्सर्गी असतो. मी वेफर्स जप्त केले. काउंटर बधला नाही. मी वेफर्स खाल्ले. तरी बधला नाही.

"मॅम, माझा डबा," प्रवीण म्हणाला.

"विज्ञानासाठी गेला," मी म्हटलं.

कयल मात्र नळी हातात घेऊन टेबलाच्या कडेकडेनं सरकत होती. भिंतीकडे गेली की तडतड वाढायची, लांब आली की कमी व्हायची. आणि भिंत कसली, प्लायवूडचं पार्टिशन. पलीकडे एचओडींची केबिन.

"मॅम," ती हळूच म्हणाली, "तिकडे कोलू आहे."

नवरात्रात इकडे पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. तो कोलू. आमच्या डिपार्टमेंटचा कोलू मॅडमच्या केबिनमध्ये, पार्टिशनला टेकून. रोज संध्याकाळी बायका जमतात, गाणी म्हणतात आणि सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली उसळ, खाऊन घरी जातात. मीही रोज खात होते.

त्या संध्याकाळी मी कांजीवरम नेसून, पर्समध्ये बॅटरीवरचा छोटा काउंटर घालून गेले. बायकांचं गाणं रंगात आलं होतं. माझी पर्स मधेच टिक करायची, तीही तालाबाहेर.

"पर्समध्ये काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"काउंटर."

"कोलूला?"

"त्यालाही दर्शन घ्यायचंय."

मी नळी बाहेर काढली. वरच्या पायरीवरच्या देवांपाशी शांतता. राजाराणीपाशी शांतता. तंजावरच्या मान डोलावणाऱ्या बाहुलीनं तर नाही नाही म्हणून मानच हलवली. सगळ्यात खाली चेट्टियार मामा आणि मामी, ही वाणी-वाणिणीची बाहुल्यांची जोडी, डाळ-तांदळाचं इवलंसं दुकान मांडून बसतात. त्यांच्यासमोर या वर्षी परातभर काळ्या वाळूचा समुद्रकिनारा केला होता. तिथे नळी नेली आणि काउंटरनं मोहरीची फोडणी दिली. गाणं थांबलं.

"ही वाळू कुठली, मॅडम?"

"माझ्या बहिणीनं आणली. नागरकोविलची." एवढं बोलून त्यांनी कपाळावर हात मारला. कारण मॅडमची स्वतःची डॉक्टरेट न्यूक्लिअर फिजिक्समध्ये आहे. तिकडच्या काळ्या वाळूत किरणोत्सर्गी थोरियम असतं हे त्या मुलांना दरवर्षी शिकवतात. परातभर वाळूनं माणसाला काही होत नाही, पण प्लायवूडपलीकडच्या काउंटरची झोप उडायला तेवढी पुरते.

"मग काढू या का ती?" मी विचारलं.

बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच थोरियम आहे. कोलू एकदा मांडला की विजयादशमीपर्यंत त्यातलं काही हलवत नाहीत. मला वाद घालायलाही जागा नव्हती. आमच्या सांगलीतही घट बसला की नऊ दिवस कुणी हलवत नाही.

"देव हलणार नाहीत," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही हला."

सकाळी अख्ख्या वर्गानं टेबल उचलून लॅबच्या दुसऱ्या टोकाला, बेसिनशेजारी नेलं. लांब गेलं की किरण विरळ होतात, शेकोटीची ऊब होते तशी. काउंटर निमूट झाला. कयल जेवली.

शुक्रवारी कमिटी आली. अध्यक्ष म्हणजे एक किडकिडीत, गंभीर प्रोफेसर. कयलचा प्रयोग बिनचूक झाला. मी सुटकेचा निःश्वास सोडतेय तोच ते पार्टिशनकडे बघून म्हणाले, "ही जागा रिकामी का?"

कयलनं माझ्याकडे पाहिलं. मी मॅडमकडे. मॅडमनी पंख्याकडे.

"सर, तिथे बॅकग्राउंड जास्त आहे," कयल म्हणाली. "कारण सापडलंय."

"काय कारण?"

"चेट्टियार मामा."

पुढचा अर्धा तास प्रोफेसर कोलूसमोर मांडी घालून बसले होते. नळी पुढे, नळी मागे, प्रत्येक आकडा स्वतः मोठ्यानं वाचत. मीटरपट्टी धरायला मॅडम, रेशमी साडीत. चहा गार झाला. शेवटी ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "हे सॉफ्टवेअरमध्ये कसं दाखवणार?"

"म्हणून तर आम्ही खऱ्या लॅबचा आग्रह धरतो, सर," विशालाक्षी मॅडम म्हणाल्या. पापणीही लवली नाही.

टेबल राहिलं. दसऱ्यानंतर वाळू बरणीत भरून लॅबमध्ये आली. 'ओळखा पाहू, सोर्स कुठला' या नव्या प्रयोगासाठी. बरणीवर मॅडमच्या अक्षरात लिहिलंय, 'पुढच्या नवरात्राआधी परत करणे.'

तेव्हापासून मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, बॅकग्राउंड मोजण्याआधी शेजारी कोण राहतं ते विचारून या. व्हर्च्युअल लॅबमध्ये बॅकग्राउंड शून्य असतं, कारण तिला शेजारच नसतो. सुंडलही नसतं.