दगडूकाकांची किळस

दगडूकाकांना जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस येते. यात मीही आलो. मी जत गावचा, नायगावच्या बीडीडी चाळीत त्यांच्या खोलीत कॉट भाड्याने घेऊन राहतो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा टॉवेल दोन बोटांत धरून उचलला आणि विचारलं, "जतात ह्याका टॉवेल म्हणतत?"

काका गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. लालबागला फुटपाथला चिकटून त्यांचा गाळा आहे. पूर्वी वायरिंग आणि डायनॅमोचं काम असायचं, आता निम्मं काम चिपवाल्या चाव्यांचं. चावी चालत नाही, गाडी पेटत नाही, असं म्हणत गिऱ्हाईक येतं आणि काका त्याला आधी चावी टेबलावर ठेवायला लावतात. हातात घेत नाहीत. चिमट्याने उचलतात, वास घेतात, मग बोलतात. "बांगडो खाऊन हात धुतलंस नाय." "तू चावीन् कान कोरतंस." समोरचा ओशाळतो, कारण बहुतेक वेळा ते खरं असतं. एका बाईच्या चावीच्या फटीतून त्यांनी सुईने काळी रेघ काढून कागदावर ठेवली होती आणि तो कागद तिला घरी न्यायला दिला होता. ती परत आली ती दुसऱ्या गाडीची चावी घेऊन. काय करणार, दोष सापडतो तो काकांनाच.

"इंजिनात नुसतं ऑइल असतं रे," ते मला सांगतात. "घाण सगळी माणसाच्या हातात."

असा हा सोवळा माणूस. चाळीच्या मंडळाची एक रुग्णवाहिका आहे, तिची इलेक्ट्रिकची कामं ते फुकट करतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिच्या चावीची बटणं फाटली म्हणून चावी त्यांच्याकडे आली. नवं कव्हर बसवलं. छोटा स्क्रू काही सापडेना, तो उद्या लावू म्हणून चावी तशीच हत्यारांच्या पिशवीत टाकून ते घरी आले. त्या गाडीला चावी ती एकच. दुसरी गेल्या वर्षी विसर्जनाला कोणाच्या तरी खिशातून समुद्रात गेली.

दसऱ्याला सकाळी शेवंतीकाकींनी हत्यारांची पूजा केली. काका मंडईत झेंडूला गेले होते. मी कॉटवर पडून बघत होतो. परातीत पकड, पाने, टेस्टर, सगळं मांडलेलं, वरून दूध, दही, मध, तूप, साखर. मग पाणी, मग पुसणं, मग हळदकुंकू. शेवटी परातीतलंच पळीभर पंचामृत माझ्या तळहातावर आलं. त्याला ग्रीसचा वास होता. पण आमच्याकडे तीर्थाला नावं ठेवत नाहीत. प्यालो.

काकांनी दुपारी स्क्रू मिळवला, आपल्याच पिशवीतली चावी म्हणून वास न घेताच लावला आणि ती ड्रायव्हरला देऊन टाकली.

तीन दिवसांनी शनिवार. आमच्या मजल्यावरच्या चंपाआजीचं डायलिसिस मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी असतं, परळला, अकराला. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला बसता येत नाही. आम्ही चौघं चादरीची झोळी करून तिला तीन जिने खाली आणतो आणि गाडीत आडवी करतो. त्या दिवशी आडवी केली, दार लावलं, ड्रायव्हर राजरत्नने चावी फिरवली आणि गाडी नुसती खाकरली. पुन्हा फिरवली. पुन्हा खाकरली. समोर काट्यांच्या शेजारी चावीचं लाल चित्र लुकलुकत होतं.

सव्वादहा झाले होते. आजचा नंबर हुकला की थेट मंगळवार, आणि आजीचे पाय तर आताच पावासारखे फुगलेले. दोन टॅक्सीवाले झोळी बघूनच पुढे गेले. शेजारच्या मंडळाची गाडी विरारला गेली होती.

काका बनियनवर आले. हॉर्न वाजवला, दिवे लावले. "बॅटरी ठीक आसा. गाडी चावीक वळखत नाय." चावीतला सेल बदलला. चित्र लुकलुकतच. फ्यूज बघितले. मग स्टिअरिंगखालचं कव्हर उतरवलं. चावी जिथे घालतात तिथल्या भोकाभोवती तारेची एक कडी असते, चावीतली चिप ती वाचते. कडी मीटर लावून तपासली. शाबूत.

"मग चावीच," काका म्हणाले आणि राजरत्नकडे वळले. "काय लावलंस रे हिका? गुटखा?"

"काका, मी सुपारीपण खात नाय."

"वडापाव खाऊन धरलीस मग."

"अहो, टिश्यूने धरतो मी! तुमच्या भीतीने!"

"भांडा नंतर," आतून आजी म्हणाली. "माझा नंबर दुसऱ्याला देतील ते."

काकांनी चिमटा काढला. वास घेतला आणि मान मागे झटकली. "मेलंय काय हिच्यात?" स्क्रू काढला, पात्याने फट उघडली.

ऑक्टोबरच्या उन्हात तीन दिवस खिशात शेकलेलं काहीतरी आत होतं. पिवळट, चिकट, वर हिरवी बुरशी. त्यात मुंग्या, काही मेलेल्या, काही कामावर. नासक्या दह्याचा वास गाडीभर पसरला. पुरावा पाहिजेच होता तर मधोमध तुळशीचं पानही होतं, चिपवर अगदी नीट बसलेलं.

"शी!" काका ओरडले. "कोणा भिकारड्याच्या घरातली ही..."

आणि थांबले. पानाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घातली, कारण त्याच परातीतलं पळीभर माझ्या पोटात गेलं होतं.

"परातीत चावी होती?" त्यांनी हळू विचारलं.

"मी पकडीच बघितल्या," मी म्हणालो. "पण पिशवी सगळीच ओतली होती काकींनी."

राजरत्नने खिशातून टिश्यू काढून काकांपुढे धरला.

साडेदहा. काकांनी गाडीतल्या प्रथमोपचाराच्या पेटीतून स्पिरिट घेतलं. घासायला ब्रश पाहिजे होता. त्यांचा गाळ्यात राहिला होता. आजीने उशाच्या पिशवीतून स्वतःचा दात घासायचा ब्रश काढला. "नवाच आहे. दोनच दिवस वापरलाय."

दुसऱ्याचा दातांचा ब्रश! इतर दिवशी काकांनी तो चिमट्यानेसुद्धा उचलला नसता. त्या दिवशी मुठीत घट्ट धरला. सेल काढून ठेवला आणि आमच्या घरचं नासलेलं पंचामृत आजीच्या ब्रशने कणाकणाने काढलं. मुंग्या बोटांवर चढल्या तरी झटकल्या नाहीत. दोनदा धुतलं, फुंकर मारून वाळवलं, सेल बसवून कव्हर मिटलं. चावी राजरत्नच्या हातात दिली.

फिरवली. लाल चित्र एकदा लुकलुकलं आणि विझलं. गाडी पेटली. दहा बावन्न.

"बंद करू नको!" काका ओरडले आणि तसेच बनियनवर आजीच्या पायाशी चढून बसले.

अकरा वाजून पाच मिनिटांनी आजी आत गेली. सिस्टर बडबडली, पण घेतलं. राजरत्न चावी बंद करणार तेवढ्यात काकांनी त्याचं मनगट धरलं. "परत पेटली नाय तर तिका घरी कशी नेतलंस? उतर. चहा पी."

चार तास काका रुग्णवाहिकेच्या सीटवर बसून होते, इंजिन चालू, हात स्टिअरिंगवर. वॉचमनने तीनदा धुराची तक्रार केली. प्रत्येक वेळी गाडी चार हात पुढे घेतली, बंद केली नाही. मी वडापाव नेला. त्यांनी स्वतःचा हात हुंगला आणि वडापाव मला परत दिला.

दोनच्या सुमारास शेवंतीकाकींचा फोन आला. काकांनी माझ्या कानाला लावला. "विचार त्यांना," काकी म्हणत होत्या, "जेवायला कढी करू काय? दही जास्त झालाय."

मी निरोप दिला. काका खिडकीतून बाहेर वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

तीनला आजीला बाहेर आणलं. पाय उतरले होते, तोंडावर जरा रंग होता. गाडीत घेताना तिने आधी इंजिन ऐकलं, मग काकांकडे बघून हात पुढे केला.

"ब्रश?"

"नवीन आणून देतो आजी," काका म्हणाले.

"तोच दे धुऊन," आजी म्हणाली. "पंचामृत लागलंय त्याला."