साठ फुटांची विहीर आणि निम्मी मोटर

अकरावी सायन्सला बारामतीत गेले तेव्हा मला वाटत होतं, फिजिक्स म्हणजे जगात जे घडतं त्याचा हिशोब. दोन महिन्यांतच कळलं की हे जग आपलं नाही. पुस्तकातल्या दोरीला वजन नसायचं, कप्पी कधी कुरकुरायची नाही आणि ठोकळा ज्यावरून घसरायचा ती फळी गुळगुळीतच असायची. वर प्रत्येक गणिताच्या शेवटी सूचना, घर्षण धरू नये. दर शनिवारी एसटीच्या मागच्या सीटवर हाडं खिळखिळी करून घेत इंदापूरमार्गे घरी जाणाऱ्या मुलीला हे सांगायचं म्हणजे थट्टाच होती. त्यातून सगळं इंग्रजीत. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं सगळं गेटाबाहेर ठेवून आत यायचं, असा एकूण कारभार.

आठवडाभर मी बारामतीत मावशीकडे राहायचे, रविवारी वरकुट्याला घरी असायचे. फिजिक्सच्या सरांनी पहिल्या चाचणीनंतरच सांगून टाकलं होतं की वार्षिक परीक्षेत आणि फेरपरीक्षेतही जो या विषयात नापास होईल, त्याला बारावी सायन्सला जागा नाही. घरी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याचा अर्थ लगेच लावला. नाही जमलं तर इंदापूरला आर्ट्सला बसायचं, रोज घरून जाऊन येऊन. मला सायन्सच हवं होतं. शाळेत सरांनी सायकलच्या डायनामोवर बल्ब पेटवून दाखवला होता, तेव्हापासून ते डोक्यात बसलं होतं, आणि ते कुणाला पटवून सांगता येत नव्हतं याचाही राग यायचा.

त्यात पुस्तक जुनं, तिसऱ्या-चौथ्या हातातलं. मागची उत्तरांची पानं कुणीतरी आधीच फाडून नेलेली. काढलेलं उत्तर बरोबर की चूक, हे कळायला मार्गच नाही. वर्गात हात वर करून इंग्रजीत विचारायचं तर त्यापेक्षा न विचारलेलं बरं वाटायचं.

एक गणित मात्र वाचलं आणि मी खूश झाले. अठरा मीटर खोल विहिरीतून मिनिटाला सहाशे लिटर पाणी उपसायचं, तर मोटर किती हॉर्सपॉवरची लागेल? अठरा मीटर म्हणजे साठ फूट. आमची विहीर साठच फूट. वजन, उंची, वेळ मांडलं, उत्तर आलं दोन पॉइंट छत्तीस. रविवारी वही घेऊन आबांकडे गेले. आबा बी. ए. नव्हते की काही नव्हते, पण मोटरीच्या बाबतीत शेजारपाजारचे त्यांनाच विचारायला यायचे. त्यांनी आधी धार मोजायला लावली. दोनशे लिटरचा ड्रम, हातात माझं घड्याळ. ड्रम वीस सेकंदांत भरला. म्हणजे मिनिटाला सहाशे लिटर. पुस्तकातली विहीर आमचीच होती.

"आणि मोटर पाचची हाय," आबा म्हणाले. "शेजाऱ्यानं तीनची टाकली हुती, आठ दिवसांत जळाली. तुझं गणित खोटं हाय."

मी पुन्हा केलं. तेच आलं. वीस वेळा केलं असेल, दरवेळी दोन पॉइंट छत्तीस. वही फेकून द्यावीशी वाटायची. एका बाजूला माझी आकडेमोड, दुसऱ्या बाजूला डोळ्यांसमोर पाण्याची जाडजूड धार.

ती धार म्हणजे आबांचा जीव की प्राण. आमच्या गावात मोटरीचा पाइप पाण्याच्या टाकीच्या काठाशी संपवत नाहीत. काठावरून आणखी पुरुषभर उंच चढवायचा, वर एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, बसवायचा आणि पाणी तिथून दणदणा खाली पाडायचं. रस्त्यावरून जाणाऱ्याला धार दिसली पाहिजे, विहिरीला पाणी आहे हे गावाला कळलं पाहिजे. आमचा पाइप सगळ्यांत उंच होता.

वार्षिक परीक्षेत नेमकं तेच गणित आलं. आकडेसुद्धा तेच. मी ते पाच मिनिटांत सोडवलं, दोन पॉइंट छत्तीस लिहिलं आणि पेन थांबलं. आबा म्हणाले होते खोटं आहे. कुठेतरी दोननं गुणायचं राहिलं असणार, असं मनाशी ठरवून मी मधल्या ओळीत एक दोन घुसवला आणि उत्तर लिहिलं, जवळजवळ पाच.

मला फिजिक्सला बत्तीस पडले. पास व्हायला पस्तीस लागायचे आणि ते गणित चार मार्कांचं होतं. सरांनी माझ्या त्या दोनभोवती लाल गोल काढला होता. पेपर हातात घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्यापुढे उभी राहिले आणि रडतच, मराठीत, विहिरीची सगळी हकिगत सांगितली. सरांनी पेपर पुन्हा वाचला. मग म्हणाले, "तुझं पहिलं उत्तर बरोबर होतं. पाच आणि दोन पॉइंट छत्तीसमधला फरक तुमच्या मोटरीत आणि पाइपात जातोय. ते पुस्तकात धरत नाहीत." हे वर्षभर आधी कुणी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

घरी येऊन मी ते, गेलेल्या चार मार्कांसकट, आबांना तावातावानं सांगितलं. मोटर थोडं स्वतःच खाते, थोडं पाइपाची वळणं खातात, थोडं विहिरीत पाइपाच्या टोकाला बसवलेला, तुंबलेला फूटव्हॉल्व्ह खातो, आणि पुरुषभर जास्त उंचीला फुकट चढवलेलं पाणी पुन्हा खालीच पडतं. दोन दिवस आबा माझ्याशी बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी मी फेरपरीक्षेचा अभ्यास करत बसले होते, तर विहिरीकडून करवतीचा आवाज आला. इंदापूरहून त्यांनी नवा फूटव्हॉल्व्ह आणून बसवला होता आणि टाकीवरचा पाइप काठाबरोबर कापत होते. मोटर चालू केली. पाणी मुकाट्यानं टाकीत पडायला लागलं, रस्त्यावरून दिसेना. आबांनी मला घड्याळ आणायला सांगितलं. ड्रम सोळा सेकंदांत भरला.

जूनमध्ये फेरपरीक्षा झाली. विहिरीचं गणित या वेळी आलं नाही, पण मला एकावन्न मार्क पडले आणि बारावीच्या यादीत नाव लागलं. निकाल घेऊन घरी आले तेव्हा आबा टाकीपाशी होते. कापलेल्या पाइपाचा वरचा एल्बो त्यांनी कट्ट्यावर जपून ठेवला होता. तो उचलून त्यांनी माझ्या हातात दिला.

"घे," ते म्हणाले. "तुझं चार मार्क हितं वर चढून बसलं हुतं. मीच चढवलं हुतं."